सात दिवस शिल्लक होते

तक्ता माझ्या भावाने केला होता. ड्वेन मिनियापोलिसला एका विमा कंपनीत आहे, त्यामुळे तक्ता देखणा होता. डावीकडे राज्यांची नावं, वर आडव्या ओळीत रकाने: उत्पन्नावरचा कर, घरपट्टी, विक्रीकर, वारसाकर. फ्लोरिडा, टेक्सस, नेवाडा, टेनेसी, वायोमिंग, साउथ डकोटा. या सगळ्यांपुढे पहिल्या रकान्यात शून्य. अगदी खाली, लाल अक्षरांत, आमचं मिनेसोटा. उत्पन्नाच्या वरच्या टप्प्याला जवळजवळ दहा टक्के.

बाबांनी काँक्रीटचा धंदा विकायला काढला होता. कॉर्विन गावात आणि आजूबाजूच्या सगळ्या खाणवस्त्यांत कुठेही फुटपाथ किंवा तळघर झालं, तर ते आमच्या, स्कुबिकांच्या, मिक्सरमधून ओतलेलं असायचं. गिऱ्हाईक मोठं होतं, शिकागोचं. विक्री होईल त्या दिवशी बाबा ज्या राज्याचे रहिवासी असतील, ते राज्य आपला वाटा घेणार होतं. म्हणून त्या दिवसाच्या आत घर बदलायचं होतं. कुठे, एवढंच ठरायचं होतं.

आईच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघं बसलो होतो. आईने पोटित्सा कापून ठेवली होती, अक्रोडाचं सारण पातळ पोळीत गुंडाळून भाजलेली. तिच्या आईकडून ती शिकली होती आणि मी तिच्याकडून कधी नीट शिकले नाही.

"साउथ डकोटा," आई म्हणाली. "तिथेही शून्यच आहे ना? गाडीने एका दिवसात घरी येता येईल."

"साउथ डकोटात आहे काय, अल्बिना? नुसता वारा."

"वाऱ्यावर कर नाही ना?"

ड्वेन हसला. बाबा नाही हसले. "टेक्ससचं काय म्हणतोस?" त्यांनी ड्वेनला विचारलं.

"टेक्ससला घरपट्टी मारते, बाबा. टेनेसी बरं आहे, पण विक्रीकर बघा. ब्रेड घेतला तरी द्या."

"आणि टेनेसीत आपल्याला ओळखतं कोण?"

"फ्लोरिडात कोण ओळखतं?" आई म्हणाली.

"रुडी आहे. फ्रँक आहे. जानेवारीत निम्मं कॉर्विन तिथेच असतं."

"मग निम्म्या कॉर्विनला भेटायला मी इथेच थांबते. मे महिन्यात परत येतातच ती सगळी." आईने तक्ता स्वतःकडे ओढला, चष्मा वर केला आणि रकान्यांवरून बोट फिरवलं. "यात माझी बहीण कुठल्या रकान्यात आहे रे, ड्वेन? आणि रविवारचं गाणं?"

"आई, तो कराचा तक्ता आहे."

"तेच विचारतेय मी."

यावर कोणी काही बोललं नाही. मीही नाही. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते, डुलुथला शाळेत शिकवत होते, चांगलं बोलता येत होतं मला. मी पोटित्साचा दुसरा तुकडा घेतला.

फ्लोरिडा ठरलं.

डुलुथच्या वकिलाने बजावलं की नुसतं तिकडे घर घेऊन भागत नाही. राज्य खरोखर सोडलं हे दिसलं पाहिजे. मागचं तोडा, पुढचं जोडा. गाडी चालवायचा परवाना तिकडचा, मतदान तिकडचं, डॉक्टर तिकडचा, दातांचा डॉक्टर तिकडचा, कुत्र्याचा बिल्लासुद्धा तिकडचा. गावातलं घर विकावं. तळ्याकाठची केबिन ठेवली तर चालेल, उन्हाळ्यापुरती. वर्षाचे एकशे त्र्याऐंशी दिवस इथे भरता कामा नयेत आणि पाय ठेवला की तो अख्खा दिवस धरायचा, अर्धा नाही. आणि चर्च. वकील म्हणाला, माणूस कुठल्या चर्चचा सभासद आहे हे ते बघतात. दफनभूमीत जागा घेऊन ठेवली असेल तर तीही काढून टाकलेली बरी. जिथे पुरलं जायची इच्छा, तिथेच मन, असा अर्थ लावतात.

आईचा बाप्तिस्मा सेंट सिरिलमध्ये झाला होता. पहिला कम्युनियन तिथेच, लग्न तिथेच. चव्वेचाळीस वर्षं ती गायनवृंदात दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरी उभी राहत होती. सभासदत्व काढून घ्यायचं पत्र तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, कारण बाबांचं अक्षर वाचता येत नाही. टेकडीवरच्या दफनभूमीतल्या दोन जागा, तिच्या आईवडिलांच्या ओळीतल्या, चर्चला परत केल्या. त्या कागदावरही तिची सही आहे. मी नंतर पाहिली. नेहमीसारखी गोल, स्वच्छ सही.

"कागदच आहे तो," तेव्हा फोनवर ती मला म्हणाली होती. "तुझे बाबा म्हणतात, तीनचार वर्षांनी सगळं थंड झालं की पुन्हा घेऊ."

फ्लोरिडात त्यांचं घर अकराव्या मजल्यावर होतं. तिथल्या चर्चमध्ये गाणं पडद्यावर यायचं आणि सोबत गिटार असायची. आई दोनदा गेली आणि मग शेवटच्या बाकावर बसायला लागली.

बाबांनी एक वही केली. पाठीमागच्या खिशात मावेल अशी. इथे असले की रोज सकाळी कॉफीच्या आधी त्यात आकडा लिहायचे. दुसऱ्या वर्षी ते दोघं चोवीस एप्रिलला केबिनवर आले. ऑक्टोबरात आईच्या पोटात दुखायला लागलं, पाठीपर्यंत जायचं, जेवण जात नव्हतं. तिने डॉक्टर हॅल्वरसनना फोन केला. तीस वर्षं तेच तिला तपासत होते. ते म्हणाले, एकोणीस तारखेला ये, सगळं करून घेऊ. मी त्या शनिवारी केबिनवरच होते.

"एकोणीस?" बाबा म्हणाले. "आज दहा. आपण बाराला निघतोय."

"तू नीघ. मी हिच्याकडे, लिडियाकडे राहते आठवडाभर."

"तसं चालत नाही. बायको इथे बसली तर घर इथेच आहे असं म्हणतात ते. दिवस दोघांचे एकत्र धरायचे, वकिलाने सांगितलंय. आणि डॉक्टरही इकडचा नको. फोन करायलाच नको होतास."

"पोट इकडेच दुखतंय माझं."

"दिवस संपलेत, अल्बिना. मी काय करू? कायदा मी केला नाही."

मी म्हटलं, "बाबा, एक आठवडा." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला वाटतं मला आनंद होतोय यात?" मला तसं वाटत नव्हतं. वहीत आकडे होते, वकील होता, कायदा होता. माणूस अशा वेळी गप्प बसतो, तशी मी बसले. बाराला ते निघाले. आई पुढच्या सीटवर उशी पोटाशी धरून बसली होती.

फ्लोरिडात नव्या डॉक्टरकडे पहिली वेळ मिळाली डिसेंबरच्या मध्यावर. स्वादुपिंडाचा कॅन्सर. एकवीस फेब्रुवारीला आई गेली. अकराव्या मजल्यावर, खिडकीतून समुद्र दिसत होता, आणि तिने पडदा ओढून घ्यायला सांगितलं होतं. प्रार्थनेला अकरा माणसं होती. तिचं नाव धर्मगुरूने चुकीचं उच्चारलं. दहनानंतर बाबांनी तिथल्या दफनभूमीच्या भिंतीत कलशासाठी कोनाडा घेतला.

मला ठाऊक आहे की सात दिवसांनी ती वाचली नसती. हॅल्वरसनांनी मला तसं सांगितलं, आणि ते खोटं बोलत नाहीत. पण दोन महिने आधी कळलं असतं, तर ती कुठे मरायचं हे स्वतः ठरवू शकली असती.

तिची एकच इच्छा होती. शेवटच्या आठवड्यात तिने मला जवळ बोलावून सांगितली होती: "मला आईजवळ ठेव." मी हो म्हटलं होतं. बाबा खोलीत होते. त्यांनीही ऐकलं होतं.

त्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी नेऊ. दुसऱ्या हिवाळ्यात राज्याच्या करखात्याचं पत्र आलं. तुम्ही खरोखर मिनेसोटा सोडलं होतंत का, याची तपासणी करायची आहे. आता बाबा म्हणाले, तपासणी संपल्यावर. "बायकोला तिथे पुरलं तर मी कुठला, हे सांगायला वेगळा साक्षीदार नको." ड्वेनने मला फोनवर समजावलं, "लिडी, थोडं थांब ना. आई कुठे पळून जाणार आहे?" त्या दिवसापासून आजतागायत मी ड्वेनशी बोललेले नाही.

मे महिन्यात, आई जाऊन पंधरा महिने होत आले होते, मी शाळेतून दोन दिवस सुट्टी काढली आणि कॉर्विनला गेले. चर्चच्या कचेरीत डोलोरेसमावशी होत्या. त्या आईच्या शेजारी गायच्या, डावीकडून चौथ्या.

"ये गं," त्या म्हणाल्या. "बस. वाळलीस. डुलुथला काही खायला मिळत नाही वाटतं?"

मी विचारलं, त्या दोन जागा परत मिळतील का.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "गेल्या त्या, बाळा. मागच्या वर्षीच गेल्या. मिनियापोलिसचं एक जोडपं आहे, तळ्यावर घर घेतलंय त्यांनी. त्यांना इथला देखावा आवडला."

"देखावा?"

"टेकडीवरून तळं दिसतं ना. फोटो काढत होती बाई." मावशींनी ओठ घट्ट मिटले. मग म्हणाल्या, "पण ऐक. अस्थी असतील तर आजीच्याच थडग्यात ठेवता येतात. जुन्या थडग्यात एक कलश मावतो, फादर परवानगी देतात. तिच्या अगदी कुशीतच म्हण ना. त्याला नवऱ्याची सही लागते, बाकी काही नाही. वॅलीकडे जा, दफनभूमीचा नकाशा त्याच्याकडे असतो. तो खूण करून देईल."

वॅलीकाकांचं दुकान तळ्याच्या रस्त्याला आहे. गळ, आमिषाचे मासे, बंदुकीच्या गोळ्या, शिकारीचे आणि मासेमारीचे परवाने, आणि सकाळी सहापासून कॉफी. दफनभूमी समितीचे ते अध्यक्ष आहेत, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नाही. त्यांनी नकाशा गल्ल्यावर पसरला, आजीच्या चौकोनावर पेन्सिलने फुली मारली आणि म्हणाले, "शनिवारी खणून ठेवतो. जमीन आता मऊ आहे. अल्बिनासाठी मी स्वतः खणीन, पोरांवर सोडणार नाही."

"आधी बाबांची सही लागेल."

"घेऊन टाक मग. आलाय ना तुझा बाप, लड? आठ-नऊ दिवस झाले, रोज कॉफीला असतो इथे." काकांनी माझ्या कपात कॉफी ओतली. "मऊ झालाय बिचारा. मागच्याच्या आदल्या नोव्हेंबरात शिकारीला आला होता ना, तेव्हा कसा होता! दोन गोळ्यांत हरीण पाडलं."

"कुठल्या नोव्हेंबरात?"

"अगं, अल्बिना गेली त्याच्या आधीच्या. ती तिकडे होती, बरं नव्हतं तिला. म्हणाला, अल्बिनाच म्हणाली जा." काका हसायला लागले. "इथेच उभा होता. दहाबारा जण होते दुकानात. मी म्हटलं, काय साहेब, परवाना कुठला देऊ? गाववाल्याचा की पाहुण्याचा? आता तुम्ही फ्लोरिडाचे! सगळे हसले. रुडीचा भाऊ म्हणाला, त्याला टोपी द्या रे, ऊन लागेल. तुझा बाप टोमॅटोसारखा लाल. म्हणाला, वॅली, मी काय टुरिस्ट आहे? नेहमीचा दे. जुना नंबर यंत्रात होताच. दिला मी नेहमीचा."

"रहिवाशाचा."

"मग काय पाहुण्याचा देऊ? लड स्कुबिकला?" ते अजून हसत होते. मग माझ्याकडे बघून थांबले. "काय झालं गं?"

"काही नाही, काका. किती दिवस होते बाबा?"

"होता की आठवडाभर. चार तारखेला आला, दहाला गेला. मीच सोडलं विमानतळावर."

चार ते दहा. सात दिवस. मी गाडीत येऊन बसले. ऑक्टोबरच्या बारा तारखेला एकशे बहात्तर दिवस झाले होते. एकशे ब्याऐंशीपर्यंत चालत होतं. दहा शिल्लक होते. तीन हाताशी ठेवले असतील, विमान चुकलं तर म्हणून, बाबा तसेच आहेत. उरलेले सात. तेरापासून एकोणीसपर्यंत किती होतात, ते मी बोटांवर मोजलं, आणि पुन्हा मोजलं, पहिलीतल्या मुलीसारखं.

त्या नोव्हेंबरात मी फ्लोरिडाला फोन केला होता. "बाबा कुठे आहेत?" असं विचारलं होतं. आई म्हणाली होती, "रुडीबरोबर गेलेत कुठेतरी गोल्फ खेळायला." तिला कधी खोटं बोलता यायचं नाही. तेव्हा कसं जमलं, कोण जाणे.

केबिनवर बाबा पाण्यात उभे होते, मांडीपर्यंत रबरी बूट घालून. होडीच्या धक्क्याचे खांब बसवत होते. दर मे महिन्यात धक्का पाण्यात घालायचा आणि बर्फाआधी बाहेर काढायचा, तळ्यावरची सगळीच माणसं हे करतात.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "ती लेव्हलची पट्टी धर जरा. खांब तिरका जातोय."

मी पट्टी धरली नाही. "सही हवी आहे," मी म्हटलं आणि डोलोरेसमावशींनी दिलेला कागद दाखवला. काय आहे ते सांगितलं. आजीच्या थडग्यात, शनिवारी.

"लिडिया, आपण बोललोय यावर. तपासणी चालू आहे."

"तुम्ही शिकारीचा परवाना गाववाल्याचा घेतलात."

त्यांनी हातोडी खांबावर ठेवली. पाण्याकडे बघत म्हणाले, "वॅलीचं तोंड बंद राहत नाही."

"राज्याकडे नोंद असते त्याची. त्यांना माहीत असेल."

"पत्रात आहे. तिसऱ्या पानावर." त्यांनी खांब सरळ करून बघितला. "वकील खवळला. म्हणाला, लुडविक, सगळं केलंस आणि एका हरणासाठी घालवलंस. ड्वेन म्हणतो, चुकून झालं म्हणून सांगता येईल. यंत्रात जुना नंबर होता."

"म्हणजे तिने चर्च सोडलं, डॉक्टर सोडला, स्वतःच्या आईशेजारची जागा सोडली. आणि तुम्हाला दहा माणसांसमोर पाहुण्याचा परवाना मागता आला नाही."

"तू नव्हतीस तिथे. हसत होते सगळे."

"हसू द्यायचं होतं."

"साठ वर्षं जातोय मी त्या शिकारीच्या तळावर! माझ्या बापाबरोबर गेलो पहिल्यांदा. मी टुरिस्ट नाही."

"मग ती होती का?"

मी आवाज चढवला नव्हता. माझा आवाज चढत नाही, शाळेत मुलं त्यालाच घाबरतात. मी म्हटलं, "दहा ऑक्टोबरला तुम्ही म्हणालात, दिवस संपले. माझ्यासमोर म्हणालात. दहा शिल्लक होते. तिला सात हवे होते. तुम्ही ते हरणासाठी ठेवलेत."

"मला काय माहीत होतं की एवढं... पोटच दुखत होतं तिचं. पोट सगळ्यांचं दुखतं. मला वाटलं पित्त असेल." ते पाण्यातच माझ्याकडे वळले. "आणि तिला ठाऊक होतं. मी नोव्हेंबरात जातोय हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, जा. माझा केशरी कोट तिनेच बॅगेत भरला. विचार..." आणि ते थांबले, कारण विचारणार कोणाला.

"भरला असेल," मी म्हटलं. "पन्नास वर्षं तिने तुमची बॅग भरली. तिने एकदा काहीतरी मागितलं तेव्हा तुम्ही तिचं ऐकलं नाहीत. जा म्हणाली ते मात्र ऐकलंत."

बाबा पाण्यातून बाहेर आले. बूट काढायला त्यांना वेळ लागला, मी मदत केली नाही. ते केबिनमध्ये गेले, आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फ्लॅनेलच्या शर्टात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी बाकावर ठेवलं आणि शर्टाची बाही बाजूला केली. आईचा कलश.

"तो तर तिकडे भिंतीत आहे ना? कोनाडा घेतलात. ड्वेनने मला फोटो पाठवला होता."

"फोटो वकिलासाठी काढला. ठेवला नाही तिला. नाही ठेवता आलं. दोन हजार मैल गाडी चालवून आणलंय तिला, पुढच्या सीटवर."

"म्हणजे ती इथे आहे, तुम्ही आल्यापासून."

"नऊ दिवस."

"वहीत लिहिलेत?"

"तिचे नाही लिहिले," ते म्हणाले, अगदी गंभीरपणे. मग त्यांना ऐकू आलं आपण काय बोललो ते, आणि त्यांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मी बघितलं. मला वाईट वाटायला हवं होतं आणि थोडं वाटलंही. पण राग होता तसाच होता, आणि त्याला बाबांच्या रडण्याशी काही देणंघेणं नव्हतं.

मी बाकावर कागद ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

त्यांनी डोळे पुसले, कागद वाचला. पूर्ण वाचला, धंदेवाल्या माणसासारखा. सही केली, आणि पेन हातातच ठेवलं. "एक कर माझ्यासाठी. चर्चच्या दफनवहीत राहण्याचं ठिकाण लिहितात. तिथे फ्लोरिडा लिहायला सांग. ते तपासनीस अशा वह्याही बघतात. दगडावर काय हवं ते लिही, पण वहीत फ्लोरिडा. परवान्याचं ड्वेन सांभाळेल, पण हे आलं तर मग काहीच उरणार नाही."

"पेन द्या."

"लिडिया. ऐकलंस ना? तिचेही पैसे आहेत ते. तुम्हा दोघांनाच मिळणार आहेत."

मी पेन घेतलं, कागद घेतला, आणि कलश शर्टासकट उचलला. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो जड होता. बाबा गाडीपर्यंत आले. माझ्यासाठी दार उघडणार होते, पण मी कोपराने आधीच उघडलं.

"शनिवारी किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

कचेरीत डोलोरेसमावशी निघायच्या बेतात होत्या. कलश बघून त्यांनी पर्स परत खाली ठेवली. आधी त्यांनी शर्टावरून हात फिरवला, कोणाला थोपटावं तसा, आणि मग कपाटातून दफनवही काढली. मोठी, कापडी पुठ्ठ्याची. मी सही दाखवली. त्या म्हणाल्या, ठीक आहे, आणि लिहायला लागल्या. नाव, अल्बिना स्कुबिक. माहेरचं नाव, मेहले. जन्म. मृत्यूची तारीख. मृत्यूचं ठिकाण, फ्लोरिडा. तिथे काही वाद नव्हता.

"राहणार?" त्यांनी विचारलं, आणि पेन उचलून धरलं. मग हळूच म्हणाल्या, "लडने सकाळीच फोन केला होता, मी तुला सांगितलं नाही. म्हणाला, तू येशील, तेव्हा फ्लोरिडा लिहायचं. कायद्याने तसंच आहे म्हणाला. काय लिहू गं?"

सकाळीच. म्हणजे मी आज ना उद्या येणार हे त्यांनी ओळखलं होतं, वॅलीकाका बोलायच्याही आधी ओळखलं होतं. सही करायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं आणि त्याचा मोबदलाही आधीच ठरवला होता. तळ्यात उभं राहून ते त्याचीच वाट बघत होते. खिडकीतून टेकडी दिसत होती, आणि टेकडीवर वॅलीकाका हातात फावडं घेऊन नकाशा उलटसुलट करत उभे होते.

बाबांनी आयुष्यभर काम केलं. पहाटे चारला उठून मिक्सर धुतले. ते पैसे त्यांचे होते, आणि एका वहीतल्या एका ओळीने त्यातले बरेच जाणार होते. मी हे सगळं लक्षात घेतलं. घाईने काही केलं नाही.

"कॉर्विन, मिनेसोटा," मी म्हटलं.

"लड चिडेल."

"हो."

मावशींनी लिहिलं. त्यांचं अक्षर मोठं आणि सरळ आहे, लांबूनही वाचता येतं. त्यांनी शाई वाळायला फुंकर घातली, वही बंद केली नाही, तशीच उघडी ठेवली, आणि कॉफी ठेवायला आत गेल्या.